त्र्यंबकला मुसळधार, पैठणला तळ, भद्राचलमला पूर: एकाच गोदावरीत असं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आल्याची छायाचित्रं येतात, तरी त्या आठवड्यात पैठणच्या जायकवाडी धरणाचा साठा जेमतेम हलतो. त्याच सुमारास खाली तेलंगणात भद्राचलमला मात्र नदी धोक्याची पातळी ओलांडते. नदी एक, मग मधल्यांनाच पाणी का नाही? आणि कुठलं पाणी कुठून येतं हे नकाशावरून स्वतः कसं तपासायचं?

पाणी मधल्यांना चुकवून कुठेही जात नाही. भद्राचलमच्या पुरातलं बहुतेक पाणी पैठणवरून कधी गेलेलंच नसतं. शाळेच्या नकाशात गोदावरी म्हणजे नाशिकपासून बंगालच्या उपसागरापर्यंत ओढलेली निळी रेघ असते, त्यामुळे उगमाला जे पाणी तेच वाढत वाढत मुखाशी पोचतं अशी समजूत होते. नदीचं पाणी तिच्या दोन्ही बाजूंच्या क्षेत्रावर पडतं, आणि त्या क्षेत्राचा कोणता तुकडा किती पाणी देतो यावर सगळं ठरतं. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर आहे. पण कामाचा आकडा आहे तिच्या खोऱ्याच्या क्षेत्रफळाचा: ३,१२,८१२ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाचा जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातलं १,५२,१९९ चौरस किलोमीटर, म्हणजे निम्म्याला थोडं कमी, महाराष्ट्रात आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. अमुक इतका पाऊस पडला म्हणजे धरणात अमुक इतकं पाणी येईल, असं ठाम उत्तर कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. जमीन आधीच भिजलेली आहे का, पाऊस चार तासांत पडला की चार दिवसांत, वरची धरणं भरलेली आहेत की रिकामी, यावर तोच पाऊस वेगवेगळा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, देतो. खाली मी हिशेब मांडतो तो अंदाजाची पातळी कळावी म्हणून.

पहिल्यांदा एककं जुळवून घ्या, कारण बातम्यांमध्ये सगळा गोंधळ तिथेच होतो. धरणातून सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. साठा टीएमसीमध्ये सांगतात, म्हणजे अब्ज घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात, म्हणून ११,५७४ क्युसेकचा विसर्ग अखंड २४ तास चालला की १ टीएमसी होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर, आपल्या पाटबंधारे खात्याच्या भाषेत दलघमी. पावसासाठी सूत्र आणखी सोपं आहे: १ चौरस किलोमीटरवरून १ मिलिमीटर पाणी वाहून आलं की १,००० घनमीटर होतात. एवढ्या तीन गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या तर पावसाळ्यातली निम्मी बातमी स्वतःची स्वतःला उलगडता येते.

आता नाशिकचा पूर घ्या. गंगापूर धरणातून समजा १०,००० क्युसेक सोडले. रामकुंडाच्या अरुंद पात्रात ते पाणी भयंकर दिसतं, दुकानांत शिरतं, लोकांचं नुकसान होतं. पण हिशेबात ते दिवसाला ०.८६ टीएमसी. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे. फक्त त्या विसर्गावर धरण भरायचं तर जवळजवळ तीन महिने तो तसाच चालला पाहिजे. पुराची उंची पात्राच्या रुंदीवर अवलंबून असते आणि धरण भरणं एकूण आकारमानावर. दोन्ही गोष्टी एका छायाचित्रात दिसत नाहीत.

त्र्यंबकच्या पावसाचं काय होतं? इगतपुरीला वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात तो ७०० च्या आसपास येतो, आणि पुढे येवला, वैजापूर, पैठण या पट्ट्यात ५०० ते ६०० वर. सह्याद्रीचा माथा ओलांडला की ढग खाली उतरतात, हवा गरम होते, पाऊस आटतो. हा उतार शंभर-दोनशे किलोमीटरचा नसून अवघ्या तीस-चाळीस किलोमीटरचा आहे. शिवाय त्या माथ्यावरचं सगळं पाणी गोदावरीचं नाही. ब्रह्मगिरीच्या पूर्वेला पडलेला थेंब गोदेत जातो, तर त्र्यंबकच्याच डोंगरांतून पश्चिमेला निघणारी वैतरणा अरबी समुद्राला मिळते. म्हणजे ज्या पावसाबद्दल आपण बोलतो त्याचा मोठा भाग पाणलोटाच्या रेषेपलीकडे, कोकणात उतरतो. गोदावरीच्या वाट्याला घाटमाथ्याची एक चिंचोळी पट्टी येते.

जायकवाडीचं पाणलोट क्षेत्र २१,७५० चौरस किलोमीटर आहे. या सगळ्या क्षेत्रावरून १०० मिलिमीटर पाणी नुसतं वाहून आलं, तर होतात २,१७५ दलघमी. जायकवाडीचा उपयुक्त साठा आहे २,१७१ दलघमी. म्हणजे धरण एकदा भरायला संपूर्ण पाणलोटातून फक्त १०० मिलिमीटर अपधाव, म्हणजे वाहून आलेलं पाणी, पुरतो. ऐकायला सोपं वाटतं, पण ५०० मिलिमीटर पावसाच्या काळ्या जमिनीत १०० मिलिमीटर वाहून येणं ही चैनीची गोष्ट आहे. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मिटवण्यातच पहिले चांगले पाऊस संपतात. नंतर शेतातली ओल, विहिरी, बंधारे, शेततळी, पाझर तलाव आपापला वाटा घेतात. पाऊस बारीक आणि लांबलेला असेल तर ओढ्याला पाणीच येत नाही.

समजा घाटमाथ्याच्या १,००० चौरस किलोमीटरमधून १,५०० मिलिमीटर पाणी वाहून आलं: १,५०० दलघमी, म्हणजे ५३ टीएमसी. आणि पर्जन्यछायेतल्या २०,००० चौरस किलोमीटरमधून ५० मिलिमीटर आलं: १,००० दलघमी, म्हणजे ३५ टीएमसी. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण प्रमाण असंच असतं. क्षेत्राचा विसावा भाग बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त पाणी देतो. म्हणूनच गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतली धरणं नेमकी त्या चिंचोळ्या पट्टीच्या पायथ्याशी बांधली गेली. दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. मुळा सुमारे २६ टीएमसी, भंडारदरा ११, निळवंडे ८.३, दारणा ७ आणि गंगापूर साडेपाचच्या आसपास. ही पाचच धरली तरी ५८ टीएमसी झाले, आणि पालखेड, करंजवण, मुकणे, भावली वगैरे अजून मोजलीच नाहीत. त्र्यंबक-इगतपुरीचा जुलैमधला पाऊस आधी ही भांडी भरतो. ती भरल्यावर दरवाजे उघडतात, मग पाणी नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून पुढे निघतं, आणि पात्र आधी ओलं असेल तर साधारण एक-दोन दिवसांत नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाच्या, शेपटीला लागतं. म्हणून जायकवाडीची भरघोस आवक बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिसते, जुलैमध्ये क्वचित.

वरच्यांनी किती अडवायचं आणि खाली किती सोडायचं हा वाद यातूनच आला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात तुटीच्या वर्षी समन्यायी वाटपाची तरतूद आहे, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्यासाठी कोष्टक तयार केलं, आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी आहे का, हा निकष लागू झाला. नाशिक-अहिल्यानगरच्या शेतकऱ्याला आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्याला आपापली बाजू रास्त वाटते, आणि दोघांच्याही हिशेबात तथ्य आहे. मला इथे एवढंच म्हणायचं आहे की हा दोष नदीचा किंवा पावसाच्या लहरीचा एकट्याचा नाही. ७५ टक्के विश्वासार्हतेच्या येव्यावर प्रकल्प आखतात, म्हणजे चारातलं एक वर्ष तुटीचं जाणार हे आखणीतच धरलेलं असतं. त्यात पाणलोटात वर नवे साठे वाढले की तुटीची वर्षंही वाढतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वरून पाणी सोडलं तर वाटेत किती मुरतं हा प्रश्नही लोक विचारतात. तेही परिस्थितीवर आहे. कोरड्या वाळूच्या पात्रातून कमी विसर्गाने लांबवर पाणी नेलं तर तोटा मोठा होतो. तेवढंच पाणी मोठ्या विसर्गाने, थोड्या दिवसांत, पात्र ओलं असताना सोडलं तर तोटा कमी. आणि नाथसागर उथळ आहे हे विसरू नका. एकूण साठा २,९०९ दलघमी, पसारा सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. पूर्ण पसाऱ्यावरून १ मीटर पाणी उडालं तर १२ टीएमसी गेले, आणि मराठवाड्याच्या उन्हात उघड्या पाण्यावरून वर्षाला एक मीटरहून जास्त बाष्पीभवन होतं. साठा घटला की पसाराही आकसतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा सरळ गुणाकारापेक्षा कमी येतो, तरी तो लहान नाही.

इथवरचा सारांश: पैठणपर्यंतची गोदावरी ही कमी पावसाची नदी आहे, तिचं मुख्य पाणी एका अरुंद पट्टीतून येतं आणि ती पट्टी धरणांनी व्यापलेली आहे. आता खाली जाऊ.

गोदावरी पाणी तंटा लवादाने खोऱ्याची बारा उपखोरी पाडली, जी-१ ते जी-१२. आजही अभ्यासाला हीच विभागणी सोयीची पडते. वरच्या अंगाला ऊर्ध्व गोदावरी, प्रवरा, पूर्णा आणि मांजरा. या चौघींचं मिळून क्षेत्र ८६,४६२ चौरस किलोमीटर, खोऱ्याच्या पाव हिश्शाहून जास्त. प्रवरा टोक्याला मिळते, म्हणजे पैठणच्या वर. सिंदफणा, पूर्णा या पैठणच्या खाली मिळतात, त्यामुळे बीड-परभणीत कितीही पाऊस पडला तरी त्याचा जायकवाडीला उपयोग नाही. ते पाणी नांदेडच्या विष्णुपुरी धरणाकडे जातं. हे नकाशावर एकदा बोटाने गिरवून पाहिलंत की पावसाळ्यातल्या पुष्कळ बातम्यांचा अर्थ लागेल.

मांजरेची गोष्ट वेगळीच आहे. बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम, मग लातूरवरून आग्नेयेला बिदर, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर, आणि तिथून चक्क उत्तरेकडे वळून कंदकुर्तीला गोदावरीत. ७२४ किलोमीटरची नदी, ३०,८४४ चौरस किलोमीटरचं खोरं, पण जवळजवळ सगळं कमी पावसाच्या पट्ट्यात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. ते पाणी कृष्णेच्या खोऱ्यातलं होतं. गोदावरीच्या खोऱ्यातल्या शहराला शेजारच्या खोऱ्यातून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागतं, यावरून खोरं मोठं असणं आणि त्यात पाणी असणं यांतलं अंतर कळतं.

मांजरा मिळेपर्यंत नदी महाराष्ट्राची हद्द सोडते. सीमेअलीकडे धर्माबादजवळ बाभळीचा बंधारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे वर ठेवावे लागतात. म्हणजे ऐन पुराच्या काळात तिथे पाणी अडवता येत नाही, ऑक्टोबर अखेरीस जे वाहत असेल तेच अडतं. तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाचा जीवही याच वरच्या खोऱ्यावर आहे.

आणि मग गडचिरोलीतलं सिरोंचा. इथे कालेश्वरमसमोर प्राणहिता येऊन मिळते आणि नदीचा स्वभावच पालटतो. प्राणहिता स्वतः अवघी ११३ किलोमीटर लांब, म्हणून नकाशात ती फांदीसारखी दिसते आणि दुर्लक्षित राहते. पण चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन ती बनते, आणि वर्धेत आधीच पैनगंगा मिळालेली असते. तिघींचं मिळून खोरं १,०९,०७८ चौरस किलोमीटर, गोदावरीच्या एकूण खोऱ्याच्या ३५ टक्के. वैनगंगा मध्य प्रदेशात सिवनीकडून येते, पैनगंगा बुलढाण्याकडून, वर्धा बैतूलच्या मुलताई भागातून. नागपूर शहर गोदावरीच्या खोऱ्यात आहे हे नागपूरकरांनाही सांगावं लागतं: नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला. या पट्ट्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातो, गडचिरोलीत १,४०० मिलिमीटरच्या वर. घाटमाथ्याइतका नाही, पण तो लाखभर चौरस किलोमीटरवर पडतो. याच क्षेत्रावरून १०० मिलिमीटर वाहून आलं तर ३८५ टीएमसी होतात. मघाचं जायकवाडीचं उदाहरण आणि हे शेजारी ठेवून पाहा.

त्याच्या थोडं खाली सोमनूरला इंद्रावती मिळते, ४१,६६५ चौरस किलोमीटरची, कालाहंडीतून निघून बस्तरातून चित्रकोटचा धबधबा उतरून आलेली. आणखी खाली कुनावरमला शबरी, कोरापूटच्या डोंगरांतली. या दोन्ही दाट जंगलाच्या आणि भरपूर पावसाच्या प्रदेशातून येतात. ढोबळमानाने गोदावरीच्या एकूण पाण्यात सुमारे ४० टक्के प्राणहितेचे, २० टक्के इंद्रावतीचे आणि १० टक्के शबरीचे मानतात. म्हणजे पाण्याचा सत्तर टक्के भाग डावीकडून, आणि तोही सिरोंचा ओलांडल्यावर. क्षेत्रफळातही डाव्या तीराच्या उपनद्यांचा वाटा सुमारे ६० टक्के आहे, उजव्या तीराचा फक्त १६. उजवीकडे बालाघाटाची पाणलोट रेषा नदीच्या फार जवळून जाते, पलीकडे लगेच भीमेचं आणि पुढे कृष्णेचं खोरं सुरू होतं. अहिल्यानगर शहर याचं उत्तम उदाहरण: जिल्ह्याचा उत्तर भाग प्रवरा-मुळेचा, म्हणजे गोदावरीचा, आणि शहर मात्र सीनेकाठी, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात.

भूगर्भाची बाजूही थोडक्यात पाहा. नांदेडपर्यंतचा बहुतेक प्रदेश दख्खनच्या बेसॉल्टचा, आपल्या काळ्या कातळाचा आहे. या खडकात पाणी फक्त भेगांत आणि झिजलेल्या थरात राहतं, म्हणून पावसाळा संपला की नदीला आतून पाझर कमी मिळतो आणि पात्र लवकर उघडं पडतं. तेलंगणात ग्रॅनाइट आणि नाइस हे कठीण खडक लागतात. प्राणहितेच्या भागात मात्र नदी एका जुन्या खचदरीत, म्हणजे दोन भेगांमधली जमीन खचून झालेल्या दरीत, उतरते. गोंडवाना काळातले वाळूचे खडक आणि कोळशाचे थर तिथे आहेत. चंद्रपूर आणि सिंगरेणीच्या कोळसा खाणी त्याच पट्ट्यातल्या. पूर्वेकडे निघालेली गोदावरी सिरोंचापासून आग्नेयेला वळते ती याच खचदरीच्या दिशेने.

आता भद्राचलम. तिथे ४३, ४८ आणि ५३ फूट अशा इशाऱ्याच्या तीन पातळ्या आहेत. ऑगस्ट १९८६ मध्ये पाणी ७५.६ फुटांवर गेलं, जुलै २०२२ मध्ये ७१.३ फुटांवर. २०२२ चा कमाल विसर्ग सुमारे २४ लाख क्युसेक होता. वहीच्या पहिल्या पानावरचं सूत्र लावा: हा दर दिवसभर टिकला तर २०७ टीएमसी, म्हणजे एका दिवसात दोन अख्खी जायकवाडी. असं पाणी नाशिकहून येणं शक्यच नाही.

ते येतं बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे. हे पट्टे ओडिशा किनाऱ्यावर चढून वायव्येकडे छत्तीसगड, विदर्भावरून सरकतात आणि त्यांचा जोरदार पाऊस सहसा मध्याच्या नैऋत्य बाजूला पडतो. शबरी, इंद्रावती आणि वैनगंगेची खोरी नेमकी त्या वाटेवर आहेत. घाटमाथ्याचा पाऊस अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांचा. दोन्ही यंत्रणा कधी कधी एकाच वेळी जोर धरतात, म्हणून नाशिकचा पूर आणि भद्राचलमचा पूर एकाच दिवशीच्या वर्तमानपत्रात येतो आणि एकातून दुसरा आला असा भास होतो. भद्राचलमला वाईट अवस्था तेव्हा होते जेव्हा प्राणहिता आणि इंद्रावतीचे फुगवटे एकाच वेळी पोचतात. खाली कुनावरमला शबरीही भरलेली असली तर मुख्य नदीचं पाणी पुढे सरकायला अडखळतं, आणि त्याच्याही खाली पापिकोंडलूच्या अरुंद घळीतून सगळ्याला निघायचं असतं. तिथून बाहेर पडल्यावर राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरमचा बंधारा, १८५२ मध्ये आर्थर कॉटनने पूर्ण केलेल्या बांधाचा आजचा वारस, आणि पुढे त्रिभुज प्रदेशात गौतमी व वसिष्ठा या मुख्य फाट्यांनी समुद्र.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की एवढं पाणी खाली वाया जातं तर ते वर का आणत नाहीत. त्याचं उत्तर उंचीत आहे. प्राणहितेच्या संगमाखालच्या मेडिगड्डा बंधाऱ्याची पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १०० मीटर, श्रीरामसागराची ३३२.५ मीटर, जायकवाडीची ४६३.९ मीटर. पाणी मुबलक होतं तिथे नदी १०० मीटरवर उतरलेली असते आणि तहानलेला प्रदेश तीनशे ते सहाशे मीटरवर असतो. तेलंगणाने कालेश्वरम प्रकल्पात प्राणहितेचं पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडिगड्डाचे काही खांब खचले, तो पायाचा प्रश्न. पण बांधकाम निर्दोष असलं तरी विजेचा खर्च चुकत नाही. आणखी एक अडचण म्हणजे वेळ. खालचं पाणी पुराच्या थोड्या आठवड्यांत येतं. पंपांची क्षमता ठरलेली, त्यामुळे पुराचा फार छोटा भागच उचलता येतो. वाया जातं म्हणतात त्या पाण्यावर त्रिभुज प्रदेशाची खाडी, मासेमारी आणि गाळाची भरही चालते, हेही हिशेबात धरायला हवं.

आता स्वतः तपासायची पद्धत. लहान ओढ्यासाठी कागदी नकाशा पुरतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. ज्या बिंदूपाशी पाणी मोजायचं आहे तिथून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी चढत जा, समोच्च (समान उंचीच्या) रेषा काटकोनात छेदत सोंड, म्हणजे डोंगराची उतरती धार, धरून माथ्यापर्यंत पोचा. समोच्च रेषांची टोकं वरच्या बाजूला वळलेली असली तर ती घळ, खालच्या बाजूला असली तर ती सोंड. पाणलोटाची रेषा सुरुवातीच्या बिंदूखेरीज कुठेही ओढ्याला छेदत नाही. छेदली तर चूक झाली. या प्रमाणावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, म्हणून आलेखाच्या पारदर्शक कागदावरचे ४ चौरस सेंटिमीटर म्हणजे १ चौरस किलोमीटर.

मोठ्या खोऱ्याला संगणक लागेल. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे, उंचीचा उपग्रही डेटाही मोफत मिळतो. ३० मीटर चौकटीचा डेटा संपूर्ण गोदावरीला वापरू नका, साधारण ३५ कोटी चौकटी होतात आणि साधा संगणक बसतो. ९० मीटरचा घ्या, चार कोटींच्या आत काम होतं. पायऱ्या अशा: तुकडे जोडा, खोटे खड्डे भरा, प्रवाहाची दिशा काढा, मग संचय (प्रत्येक चौकटीत वरच्या किती चौकटींचं पाणी येतं ते) काढा, शेवटी निर्गम बिंदू (जिथून पाणी बाहेर पडतं ती जागा) देऊन पाणलोट मिळवा.

जिथे हमखास चुकतं त्या जागा सांगतो. पहिली, निर्गम बिंदू. तो संचयाच्या जाड रेघेवर नेमका बसला पाहिजे. एक चौकट बाजूला पडला की हजारो चौरस किलोमीटरऐवजी शेजारच्या एका शेताचा पाणलोट हाती येतो. दुसरी, प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत. अक्षांश-रेखांशातच क्षेत्रफळ काढलं तर उत्तर निरर्थक येतं. यूटीएम हे सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांचं प्रक्षेपण घ्यायचं तर गोदावरीचं खोरं ७३° २४′ ते ८३° ४′ पूर्व असं पसरलं आहे आणि ७८ अंशाला पट्टा बदलतो, धर्माबादच्या थोडं पूर्वेला. जायकवाडीपुरता पट्टा ४३ उत्तर चालेल, संपूर्ण खोऱ्यासाठी समक्षेत्र, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर राखणारं, आल्बर्स प्रक्षेपण घ्या. तिसरी, नाथसागरासारखा सपाट पृष्ठभाग. तिथे संगणक सरळ समांतर रेघा ओढतो, त्या खऱ्या पात्राच्या नाहीत. चौथी, रेल्वे आणि रस्त्यांचे भराव. पुलाखालचं मोकळं तोंड डेटाला दिसत नाही, तो भरावाला बांध समजतो आणि ओढा भलतीकडे वळवतो. अशा ठिकाणी उपग्रह चित्र बघून हाताने वाट करून द्यावी लागते.

पाचवी गोष्ट डेटाच्या पलीकडची: कालवे. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर, उजव्याने पाणी सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात जातं. जमिनीच्या उतारावरून काढलेल्या पाणलोटात हे कधीच दिसणार नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं. नावांचीही काळजी घ्या. पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत, एक अजिंठ्याच्या डोंगरांतून निघून गोदावरीला मिळते आणि दुसरी अकोल्याकडून तापीला. दोन्हींचे आकडे एकमेकांत घुसलेली कोष्टकं सर्रास सापडतात.

तुमचं काम बरोबर झालं का हे पाहायला पैठणच्या धरणाच्या भिंतीवर निर्गम बिंदू ठेवा. उत्तर २१,७५० चौरस किलोमीटरच्या एक-दोन टक्के इकडेतिकडे आलं की पद्धत जमली. मग तोच बिंदू सिरोंच्याला प्राणहितेच्या संगमाच्या जरा वर ठेवा आणि नंतर जरा खाली. दोन उत्तरांतला फरक सुमारे १,०९,००० यायला हवा. तो आला नाही तर बहुधा बिंदू चुकीच्या फाट्यावर बसला आहे, संचयाचा थर पुन्हा जवळून पाहा.